तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी

डॉक्टरकाकांच्या बेसमेंटमधला गणपती पाहिला आणि मला पहिली शिसारी तिथेच आली.

दगडांचा गणपती होता. काळ्या मखमलीवर नखाएवढी, उजेडात दुधाळ दिसणारी गारगोटीची पाती चिकटवून सोंड, कान, पोट, सगळं काढलेलं. भोवती सोनेरी फ्रेम, वर छोटा दिवा. समोर आमच्या मराठी मंडळातली मंडळी दिवाळीच्या फराळाच्या प्लेटा धरून उभी होती आणि काका किती क्रिएटिव्ह आहेत ते एकमेकांना सांगत होती. ही पाती म्हणजे शेती सुरू व्हायच्या आधीच्या माणसांची हत्यारं. हाडाच्या नाहीतर लाकडाच्या खोबणीत ओळीनं बसवायची, डिंक भरायचा, की झाला भाला, झाली सुरी. कुणीतरी नदीकाठी मांडी घालून, श्वास धरून, दगडाच्या गाभ्यावरून एकेक पातं दाबून काढलेलं असतं. हे सगळं मला माहीत होतं, कारण पुण्यात पुरातत्त्वात एम.ए. करताना अशी हजारेक पाती मी स्वतः धुतली होती, मोजली होती, त्यांच्यावर रोटरिंग पेननं बारीक आकडे घातले होते. काकांनी ती ग्लू गननं चिकटवली होती. सोंडेच्या टोकाशी ग्लूचा एक पिवळट ओघळ वाळलेला दिसत होता.

साल दोन हजार चार. आम्ही पिस्कॅटवेला राहायचो. नवरा नागपूरचा, आयटीतला, आणि मी त्याच्या व्हिसाला लटकलेली बायको. मला नोकरी करायला कायद्यानं बंदी. आधीची पाच वर्षं मी काय केलं असं कुणी विचारलं तर पोळ्या केल्या, लॉन्ड्री केली आणि लायब्ररीतून पुस्तकं आणली, एवढंच खरं उत्तर आहे. ओळख करून देताना नवरा म्हणायचा, शी इज अॅन आर्किऑलॉजिस्ट, आणि समोरचा हमखास डायनासोरबद्दल विचारायचा. डायनासोर आणि माणूस यांच्यात किती कोटी वर्षं गेली हे मी सुरुवातीला समजावून सांगायचे. नंतर मीच म्हणायला लागले, हो, डायनासोर. विषय लवकर संपायचा.

काका म्हणजे आमच्या भागातले सगळ्यात जुने मराठी डॉक्टर. लहान मुलांचे डॉक्टर. मूळचे भीमेकाठच्या एका गावचे, बाकी सगळी हयात न्यू जर्सीत गेलेली, नुकतेच रिटायर झालेले. नवीन आलेल्या प्रत्येक जोडप्याला ते आणि काकू घरी बोलवायचे, थंडीचे कोट द्यायचे, ड्रायव्हिंग शिकवायचे. माणूस वाईट होता असं मी म्हणत नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी त्यांनी मला हाताला धरून सगळं कलेक्शन दाखवलं, कारण शेवटी त्यांना "त्यातलं कळणारं" माणूस मिळालं होतं. टेबलावर एक हातकुऱ्हाड होती. थेंबाच्या आकाराची, दोन्ही बाजूंनी टवके उडवून धार आणलेली, निदान लाखभर वर्षांपूर्वीची. हातात घेतली तर अंगठा आपोआप एका खोलगट जागी बसतो. ती जागा कुणीतरी आपल्या अंगठ्यासाठी केलेली असते. मी ती हातात घेणार तेवढ्यात कुणाचीतरी मुलं आली आणि तिनं अक्रोड फोडायला लागली. काका कौतुकानं हसत होते. म्हणे, स्ट्राँग आहे, काही होत नाही तिला. शेजारी घासून गुळगुळीत केलेली नवाश्मयुगीन कुऱ्हाड, तिच्याखाली विजेची बिलं दाबून ठेवलेली. ओल्या दगडावर आठवडेच्या आठवडे घासल्याशिवाय दगडाला असा तुकतुकीतपणा येत नाही. आणि एक छोटा तांबडा वाडगा, त्यावर काळ्या रंगात तीन हरणं काढलेली. दोन मोठी, मागे एक लहान. शिंगं एका फटकाऱ्यात ओढलेली, आणि लहान हरणाला शिंगंच नाहीत, नुसते दोन कान. काढणाऱ्यानं ते पिल्लू मागे रेंगाळणारं दाखवलं होतं. इतकं सुंदर काम मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. वाडग्यात टूथपिक भरल्या होत्या.

माझं डोकं तापलेलं होतंच, तरी मी फराळ खात होते. टेबलाच्या कडेला करड्या मातीची दोन गरगरीत मडकी होती, हातानं घडवलेली, रुंद तोंडाची, काठ बाहेर वळलेले. आत फॉइल घालून एकात चिवडा, दुसऱ्यात शंकरपाळे ठेवले होते. चिवडा काकूंच्या हातचा, फार चांगला. मी दुसऱ्यांदा घ्यायला हात घातला आणि माझं बोट काठावरून फिरलं. काठावर पांढरट मातीचं एक गोल कडं चिकटलेलं होतं, दगडासारखं घट्ट झालेलं. दुसऱ्या मडक्याच्या काठावरही तसंच कडं. ही दोन मडकी कधीतरी एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून, सांध्यावर ओली माती लिंपून, आडवी ठेवलेली होती.

असं एक जोडमडकं मी माझ्या हातानं उघडलं होतं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी, उत्खननात, माझ्याच खड्ड्यात. नवाश्मयुग संपत आलेलं, तांबं नुकतं कुठे हाती आलेलं, अशा काळातलं एक कुडाचं घर. चोपून केलेली जमीन, चूल, आणि चुलीपासून दोन पावलांवर, जमिनीखाली, ही अशी दोन मडकी. त्या लोकांचं तान्हं मूल गेलं की ते त्याला गावाबाहेर नेत नसत. दोन मडक्यांत घालून घराच्या जमिनीखाली ठेवत आणि वर परत जमीन सारवून त्याच घरात स्वयंपाक करत, झोपत. सोबत एखादा छोटा वाडगा ठेवत. माझ्या मडक्यात काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या बरगड्या होत्या. ब्रशनं माती झटकत मी त्या एकेक मोकळ्या केल्या, तेवढा वेळ आमचे सर खड्ड्याच्या काठावर बसून राहिले होते.

माझ्या तोंडात चिवडा होता. गिळवेना आणि थुंकताही येईना. मी बाथरूममध्ये गेले आणि सगळं ओकले.

बाहेर आल्यावर मी काकांना विचारलं की ही मडकी कुठली. ते खुशीत येऊन सांगायला लागले. पंचवीसेक वर्षांपूर्वी गावाकडच्या त्यांच्या शेतात विहिरीचं काम चाललं होतं, गड्याची पहार लागली, दोन मडकी निघाली, वाडगाही त्यातच. साड्यांत गुंडाळून, वर मेतकूट-भाजणीच्या पिशव्या रचून सूटकेसमधून आणली. विमानतळावर कुणाला पत्ता लागला नाही. आजूबाजूचे हसले. मी विचारलं, आत काही होतं का.

"होतं ना. न्यूबॉर्नची हाडं. फार तर दोन महिन्यांचं," काका म्हणाले. "मी बघता क्षणी ओळखलं. धंदाच आहे आपला."

त्यांचं काय केलं म्हणून विचारलं तर म्हणाले, ओढ्यात टाकली, असलं अशुभ घरात कोण ठेवणार. मडकी फिनेलनं स्वच्छ धुतली. हे ते मला धीर द्यायच्या सुरात सांगत होते, जणू मला स्वच्छतेचीच शंका आली असावी. तीस-पस्तीस वर्षं ज्या माणसानं रोज तान्ही मुलं हातात घेतली, मान कशी धरायची ते नव्या आयांना शिकवलं, त्यानं ओळखून, समजून, एक मूल ओढ्यात फेकलं आणि त्याच्या अंथरुणात शंकरपाळे भरले. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांच्या त्या गोऱ्यापान, नखं नीट कापलेल्या हातांकडे तर मुळीच बघवेना.

घरी येताना गाडीत मी नवऱ्याला म्हणाले, त्या घरात मी परत पाऊल ठेवणार नाही. तो म्हणाला, यार, तू फार सेन्सिटिव्ह होतेस, आता भांडं ते भांडं. मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. इथल्याच, शेजारच्या गावातल्या एका छोट्या म्युझियमनं त्यांच्या वस्तूंसाठी एक काचेचं कपाट द्यायचं ठरवलं होतं. आदिमानवापासून पहिल्या शेतकऱ्यापर्यंत, भारतातला माणूस, असा काहीतरी विषय. त्यांना वस्तूंची नोंद करणारं आणि पाट्यांचा मजकूर लिहिणारं कुणीतरी शिकलेलं माणूस हवं होतं. पगार नाही, तो मला घेताही आला नसता. पण काम आवडलं तर पुढे आठवड्यातून दोन दिवस तिथल्या संग्रहावर काम करता येईल असं तिथल्या बाई म्हणाल्या होत्या. आणि पाट्यांखाली माझं नाव.

मी हो म्हणाले. विचार करते म्हणाले असते तरी थोडी लाज राहिली असती. मी फोनवरच, काका बोलत असतानाच, हो म्हणाले.

पुढचा दीड महिना मी रोज सकाळी त्यांच्या बेसमेंटमध्ये जात होते. नवरा ऑफिसला जाताना सोडायचा. ती पाती मखमलीवरून सोडवायला मला आठ दिवस लागले, अॅसिटोननं एकेक करून, आणि काका वरून तीनदा येऊन विचारून गेले की गणपती तसाच्या तसा देता येणार नाही का. मी मोजमापं घेतली, चित्रं काढली, नंबर घातले. किळस येत होती आणि मी मजेतही होते, दोन्ही. सकाळी उठून जायला जागा होती. हातांना जुनी सवय परत आली होती. त्या मडक्यांना मात्र मी हात लावत नव्हते. ती शेवटी करू म्हणून ठेवली होती.

काकू अकरा वाजता चहा घेऊन यायच्या. बारीक, मितभाषी बाई, बोलल्या तरी काकांबद्दलच बोलणाऱ्या. एक दिवस त्या आल्या तेव्हा मी मडक्यांत डोकावत होते. दिवाळी संपून तीन आठवडे झाले होते, फराळ केव्हाच संपला होता, आणि दोन्ही मडक्यांच्या तळाशी मूठमूठ तांदूळ होते. मी विचारलं, हे कशाला. काकू म्हणाल्या, मी ती रिकामी ठेवत नाही.

मग त्या खाली बसल्या आणि चहा निवेपर्यंत बोलल्या. आत काय होतं ते काकांनी मडकी आणली त्याच दिवशी त्यांना सांगितलं होतं, जेवताना, वरण वाढून घेता घेता. तेव्हापासून काकूंनी त्यात काही ना काही खायचं ठेवलं. सणाला गोडधोड, एरवी तांदूळ. बाकी त्यांना काय करावं ते सुचलं नव्हतं. आणि मग, तेवढ्याच साध्या आवाजात, त्यांनी सांगितलं की त्यांची पहिली मुलगी इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात झाली आणि तीन दिवसांनी गेली. त्यांना स्वतःला ताप होता, शुद्ध धड नव्हती. काकांनी हॉस्पिटलच्या कागदांवर सह्या केल्या. बाळाला कुठे ठेवलं, पुरलं की काय केलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, डॉक्टरची बायको आहेस, समजून घे. पुढे दोन मुलं झाली, मोठी झाली, कॅलिफोर्नियाला गेली. पहिलीचा विषय या घरात निघाला नाही. नाव ठेवलेलं नव्हतं, दगड नव्हता, कागदसुद्धा काकूंनी पाहिला नव्हता.

मी ज्याला विटाळ समजून ओकून आले होते ते या बाईनं वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्या कुणाच्यातरी बाळाला वाढलेलं ताट होतं. मला स्वतःच्या त्या ओकारीची लाज वाटली. मी त्यांना माझ्या खड्ड्यातल्या घराबद्दल सांगितलं. चुलीपासून दोन पावलांवर, आईच्या पायाखाली. वाडगा का ठेवत तेही सांगितलं, म्हणजे आम्हाला नक्की माहीत नाही, पण बाळाला भूक लागेल असं वाटत असावं. काकूंनी टूथपिक काढून तो हरणांचा वाडगा हातात घेतला आणि लहान हरणावरून अंगठा फिरवला.

"मग पाटीवर तसं लिहिशील?" त्या म्हणाल्या. "यात एक मूल होतं म्हणून. बाकी काही नको. एवढं कुठेतरी लिहिलेलं दिसू दे मला."

मी त्यांचा हात धरून म्हणाले, लिहीन.

पुढच्याच आठवड्यात म्युझियमच्या बाई आल्या. गोड बोलणाऱ्या, कामात पक्क्या. त्यांच्याकडे एक फॉर्म होता. प्रत्येक वस्तू कुठे सापडली, कशी आली, आणि त्यातली एखादी थडग्यातली किंवा दफनातली आहे का. त्यांनी सरळच सांगितलं की असं काही असेल तर त्यांची कमिटी हात लावणार नाही, चौकशी लागेल, आणि मग एखादी वस्तू नाही, सगळंच कलेक्शन परत जाईल. नियम चांगला होता. मीही तोच नियम केला असता.

बाई गाडीत बसल्यावर काका मला म्हणाले, धान्याची मडकी आहेत म्हणून टाक, कोण बघतंय. मी म्हणाले, ती धान्याची नाहीत. ते चिडले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले की बेटा, तू विचार कर, तुझंच करिअर आहे. त्यांचा हात खांद्यावर पडला तेव्हा अंगावर पाल पडावी तसं झालं मला. पण करिअरबद्दल त्यांनी एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. दफन लिहिलं की कपाट गेलं, दोन दिवसांचं काम गेलं, आणि मी परत डायनासोरवाली बाई.

मी दोन दिवस काढले. पहिल्या दिवशी माझ्याकडे बाणेदार विचार होते. त्या बाईंना खरं सांगायचं, मडकी भारतात परत पाठवायला लावायची, काकांचं पितळ उघडं पाडायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी स्वतःला पटवत होते की अशा प्रकारची मडकी घरात धान्यालाही वापरली जात, म्हणजे लिहिलेलं अगदीच चुकीचं नाही. आणि हे खरंच आहे. तसली मडकी धान्याला वापरत. खोटं बोलायचं तर शिकलेल्या माणसानं बोलावं, त्याला पुरावेसुद्धा सापडतात. फॉर्मवरच्या दफनाच्या चौकोनात मी "नाही" वर खूण केली. काठांवरचं ते मातीचं कडं मी ओल्या ब्रशनं घासून काढलं, कारण कुणा जाणकारानं पाहिलं असतं तर एका नजरेत ओळखलं असतं. घासायला चाळीस मिनिटं लागली. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बोटांनी लिंपलेली माती होती ती, एका जागी बोटाचा ठसाही होता. पॅकिंगच्या आधी तांदूळही मीच काढले. म्युझियमला किडे चालत नाहीत. काकू तेव्हा वर होत्या, मी त्यांना हाक मारली नाही.

उद्घाटन एप्रिलमध्ये झालं. मंडळातली पन्नासएक माणसं, नेसलेल्या पैठण्या, चीज आणि द्राक्षं. काका सूट घालून कपाटाशेजारी उभे होते आणि लोकांबरोबर फोटो काढून घेत होते. त्यांनी छोटं भाषणही केलं, आपल्या मातीशी जोडलेलं राहण्याबद्दल. टाळ्या वाजल्या. नवऱ्यानं माझ्याकडे अभिमानानं बघितलं आणि मीही हसले. म्युझियमच्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की पुढच्या महिन्यापासून मी त्यांच्याकडे येणार आहे. मी गेलेसुद्धा. दोन वर्षं गेले, नवऱ्याची फिलाडेल्फियाजवळ बदली होईपर्यंत, दर मंगळवारी आणि गुरुवारी, गळ्यात बॅज घालून, त्या कपाटावरून.

काकू सगळ्यात शेवटी कपाटाशी आल्या. हरणांचा वाडगा वरच्या फळीवर होता, मडकी खालच्या, लांब लांब ठेवलेली, तोंडं वर करून. काकूंनी चष्मा लावला, थोड्या वाकल्या आणि काचेवर बोट टेकवून पाटी वाचायला लागल्या. इंग्लिश त्या सावकाश वाचत. धान्य साठवण्याची मडकी, दख्खन, पहिल्या शेतकऱ्यांच्या काळातली. चार ओळींचा मजकूर होता. त्यांचं बोट चौथ्या ओळीच्या शेवटपर्यंत गेलं, मग परत पहिल्या ओळीवर आलं, आणि पुन्हा एकदा शेवटपर्यंत गेलं. मी मागेच उभी होते. खाली, मजकुराच्या शेवटी, जाड टायपात माझं नाव आणि पुढे माझी पदवी होती. काकूंचं बोट तिथे येऊन थांबलं.

"तुझं नाव छान आलंय गं," त्या म्हणाल्या.

मी थँक यू म्हणाले.